चाळीस पेशंट

"काळजी करू नका, मॅडम. तुमच्याच रिसर्च पेपरप्रमाणे डोस दुप्पट करतोय." तरुण डॉक्टरांनी आदराने मोबाईल माझ्यापुढे धरला. पेपरवर माझंच नाव होतं. आईच्या उशाशी नर्स इंजेक्शन भरत होती.

प्रमोशनसाठी पेपर हवा होता, तेव्हा त्यातले चाळीस पेशंट मी घरी जेवणाच्या टेबलावर तयार केले होते. समोर आई मटार सोलत होती. "आई, साठ ते नव्वदमधला कुठलाही आकडा सांग गं," मी म्हणायचे आणि ती हसत सांगायची. असं चाळीस वेळा. एका जर्नलने न वाचताच तो आठवड्यात छापला होता.

"दे गं बाई," आईने नर्सपुढे हात केला. "माझ्या लेकीनेच शोधलंय ते. मला कसली भीती?"

"थांबा!" मी नर्सचं मनगट धरलं. "डॉक्टर, त्या पेपरातला एकही पेशंट खरा नाही. सगळे आकडे मनाने टाकलेत."

आईचा हात तसाच पुढे राहिला. ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टर मात्र आमच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर वॉर्डातल्या पलीकडच्या खाटांवरून एकेक करत सरकत होती. शेवटच्या खाटेपाशी ती थांबली.

"मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "सकाळी या सगळ्यांना दिलाय."