वजा एक

पहिली संख्या पाच, पुढची प्रत्येक आठानं जास्त, तर दहावी कोणती? अख्ख्या वर्गानं पाचात आठ दाहे ऐंशी मिळवले. एकट्या सादियानं आठ नव्वे बहात्तर. वैजनाथ सर तिच्या बाकाशी थांबले.

"एक कमी का धरलास?"

"पहिली तर हातातच हाय, सर. पुढं उड्या नऊच."

लातुरात पोरीला गणित आलं की जे विचारतात तेच सरांनी विचारलं, "कुणाचा क्लास लावलास गं?"

"क्लास न्हाई, सर. मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. आमच्याकडं आठ दिवसाला नळ येतो, तर कितवी पाळी कोणत्या तारखेला, ते सांगणारा प्रोग्राम गल्लीसाठी केला."

"अन् त्यात हे कळलं?"

"तवा कुठं कळलं! तवा मीबी ह्या सगळ्यांवानीच केलं, तारीख आठ दिवस पुढची निघाली. माझ्या तारखेच्या भरवशावर अख्खी गल्ली उदगीरला लग्नाला गेली, अन् मागं नळ येऊन गेला." सादियानं मान खाली घातली. "आठ दिवस शेजारची बेगमबी खाला रिकामी घागर घेऊन आमच्या दारात बसायची, सर. तो एक मी मरेस्तोवर विसरणार न्हाई."