पडद्याआडची बागेश्री

भर दुपारी बागेश्री वाजवायला मंगरू पोंभुर्ण्याला गुणाबाईच्या ओसरीवर येऊन बसला होता. मँडोलिन मांडीवर. एस.टी.तही ते तसंच होतं. कंडक्टरने मांडीवरचं लेकरू समजून त्याचं अर्धं तिकीट फाडायचं तेवढं बाकी ठेवलं. हा रात्रीचा राग, हे मंगरूला कळत नव्हतं असं नाही. पण परतीची शेवटची गाडी चारला होती.

वडशाच्या नाटक कंपनीत बावीस हिवाळे तो ही गत वाजवत आला. स्वतः बांधलेली, एकट्या मँडोलिनसाठी. ना तबला, ना पेटी. तिच्या आलापाने राइस मिलचा पट्टा थांबतो, असं सारा वडसा म्हणे. म्हणजे मंगरू म्हणे, अन् वडसा ऐकून घेई. गत वाजायची पडदा पडल्यावर. लोक चहा-भज्यांकडे पळत आणि नायिका गुणाबाई आत साडी बदले. ती तयार झाली की मालक घंटी वाजवी, पडदा उघडे, मंगरूने हात आवरायचा. गतीच्या शेवटी त्याने 'झाला' बांधला होता, तारा झणकारत धावणारा द्रुत तुकडा. तिथवर घंटीने त्याला एकदाही पोहोचू दिलं नाही.

यंदा गुणाबाईने काम सोडलं. पडदा पडला की आता तिथं कोणीही साडी बदले. मंगरूने बस पकडली.

एक तुकडा राहून गेलाय, तो तुम्ही ऐकावा, एवढंच त्याने सांगितलं. गुणाबाई तांदूळ निवडत समोरच बसली. रंग नाही, गंगावन नाही; पांढरे केस आणि थेट नजर. मंगरूची बोटं दोनदा घसरली. तिसऱ्यांदा हातातली तार छेडायची नखी उडून तिच्या सुपात पडली.

तिने ती तांदळातून शोधून दिली. "काऊन असे करून राह्यले, मंगरूभाऊ? हजार लोकायसमोर वाजवत होते ना?"

"लोक कुठी होते, बाई. ते तर भज्यायवर राहत."

"अन् मी?"

"तुमी पडद्यामागं."

गुणाबाईने थोडा विचार केला. सूप बाजूला ठेवलं, घरात गेली आणि दाराचा पडदा ओढून घेतला.

"वाजवा आता," आतून आवाज आला. "आज घंटी नाई."

मंगरूने डोळे मिटले. आलाप झाला, गत झाली. जिथं घंटी व्हायची तिथं हात आपोआप थबकला. अंगणातून एक कोंबडी चालत गेली. ती जागच्या जागी थांबली होती, असं तो पुढे वडशात सांगणार, ते वेगळं. मग तो 'झाल्या'त शिरला आणि शेवटच्या समेपर्यंत गेला.

तार थरथरून गप्प झाली. मंगरूने डोळे उघडले.

पडद्याखालून दोन पावलं दिसत होती. ती ना आत जात होती, ना बाहेर येत होती.