हलक्या हाताची छपाई

उल्काने दोन्ही चोपडी फोमच्या उशांवर शेजारी शेजारी मांडली आणि बाबांना बजावलं, छापलेल्या भागाला बोट लावायचं नाही, पान उलटायचं तर ती उलटेल.

बाबा म्हणजे दिगंबरराव. बार्शीच्या छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि आता सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेत कॅरीला आलेले. घरात बसून पार कंटाळले होते, म्हणून तिने त्यांना विद्यापीठाच्या जुन्या पुस्तकांच्या दालनात आणलं. त्यांचं मतबित तिला नको होतं. शुक्रवारी प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाइडच्या हाती द्यायचं होतं आणि ते लिहून तयार होतं.

प्रकरण या दोन चोपड्यांवरच होतं. दोन्ही लंडनला छापलेली, सन १६३९. एक राजाची भलामण करणारं, ठसठशीत, खाली छापणाऱ्याचं नाव मिरवणारं. दुसरं राजाविरुद्ध, चोरून छापलेलं, नाव नाही की गाव नाही, आणि इतकं फिकट की वाचताना डोळ्यांना पाणी यावं. उल्काचं म्हणणं असं, की पहिला छापणारा दरबाराच्या मर्जीतला, गब्बर. दुसरा कुणी फाटका पण निधड्या छातीचा, मोडकं यंत्र घेऊन तळघरात लपलेला. या दुसऱ्यावर तिचा भारी जीव. दोन वर्षं ती त्याचं नाव शोधत होती.

बाबांचं इंग्रजी बेताचंच. त्यामुळे वाचायच्या भानगडीत न पडता त्यांनी नुसती अक्षरं पाहिली. मग फिकट चोपड्याचं पान तिला दिव्याशी तिरकं धरायला लावलं आणि मागच्या बाजूने बघत बसले. टेबलापलीकडच्या ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. उल्काने कसनुसं हसून वेळ मारून नेली.

"शाई भरपूर आहे गं," बाबा म्हणाले. "दाबच दिलेला नाही."

मग त्यांनी एक कॅपिटल आर दाखवला, शेपूट नसलेला. उल्का म्हणाली, फिकट छपाईत शेपूट उठलं नाही, सगळे असंच मानतात. बाबा म्हणाले, खिळा धड असता तर कागदाला मागून जरा तरी वळ उठला असता. इथे नावालाही नाही, म्हणजे खिळाच तुटका. तोच तुटका आर त्यांनी राजाच्या चोपड्यातही काढून दाखवला. अर्ध्या तासात आणखी दोन तुटके खिळे दोन्हीकडे सापडले.

खिळे विकले असतील, उसने दिले असतील, असं उल्काने सुचवून पाहिलं. बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. उसने देतात, म्हणाले. पण ओळीत जागा उरली की हा माणूस ती दर वेळी शेवटच्या शब्दाआधी भरतो. दोन्ही चोपड्यांत तसंच.

"हात एकच आहे, पोरी."

दोन वर्षांचं काम तिच्या डोळ्यांदेखत कोसळलं. तिला त्या माणसाचा संतापच आला. निधडी छाती कसली, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा लबाड निघाला. तसं ती फणकाऱ्याने बोललीही.

बाबा म्हणाले, यंत्र तर त्याचं झकास होतं, राजाचं चोपडं बघ की. मग हेच फिकट का? दाब द्यायचा दांडा पुरता ओढला की यंत्र दणका देतं. शेजाऱ्याला ऐकू जातं, रस्त्यावरच्या शिपायाला जातं. यानं प्रत्येक पानाला दांडा अर्ध्यावर थांबवलाय. हजार पानं काढली असतील तर हजार वेळा. आणि दिवसा राजाचं काम घेतलं नसतं, तर हा बंद दाराआड करतो काय, हे लोकांनी विचारलंच असतं.

उल्काने ते पान शंभरदा वाचलं असेल. त्यातला आवाज आज पहिल्यांदा कळला, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. फक्त एक गोष्ट तिला उलगडेना.

"पण बाबा, हे तुम्हाला कसं माहीत? हे कुठल्याच पुस्तकात नाही."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आम्ही ट्रेडल मशीनखाली गोधड्या घालायचो," ते म्हणाले.

चोरून छापायची वेळ आणीबाणीतच आली असणार, तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते, एवढा हिशेब तिला जमला. त्या दिवसांत त्यांच्या छापखान्यात सरकारी कचेरीच्या नोटिसा छापल्या जात, हेही तिने लहानपणी ऐकलं होतं. गोधड्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काय छापलं होतं?"

दालनात चार-पाच माणसं होती. मराठी कळणारं त्यांत एकही नव्हतं, आणि त्या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली होती. तरी बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग खुर्ची न ओढता, अलगद उचलून तिच्याजवळ ठेवली आणि हळू आवाजात सांगायला लागले.