गिअरची गाडी येणार

"येणार म्हणजे येणार. गिअरचीच येणार. नाही आली तर ही मिशी उतरवीन!"

दाजींनी हे शोरूमच्या मधोमध उभं राहून, मिशीला पीळ देत सांगितलं. दाजी म्हणजे शोरूमच्या मॅनेजरच्या ताईचे यजमान. स्वतःचं चष्म्याचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दोनच उद्योग. एक तर मिशी विंचरायची, नाहीतर मोबाइलवर 'क्लचवाले' नावाचा ग्रुप चालवायचा. ग्रुपचं म्हणणं एकच. ऑटोमॅटिक गाडी चालवतो तो ड्रायव्हर नव्हे, ते नुसतं सामान.

"दाजी, कंपनीने स्पष्ट सांगितलंय. नव्या स्पोर्ट्स कारला गिअर नाहीत," मॅनेजर म्हणाला.

दाजींनी मोबाइल पुढे केला. कंपनीच्या कुंपणाच्या जाळीतून कुणीतरी चोरून काढलेला नव्या गाडीचा फोटो होता. गाडीच्या दोन सीटांमधे काहीतरी काळं उभं होतं.

"ही छत्री आहे, दाजी."

"छत्रीला अशी मूठ असते?"

"छत्रीलाच असते."

"तू गाड्या विकतोस रे. तुला गाड्यांतलं काय कळणार!"

दाजींनी फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आतल्या गोटातली बातमी, गिअरची येतेय.' तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या. संध्याकाळी तो कुणा अनोळखी माणसाकडून फिरून दाजींकडेच परत आला. आता खाली लिहिलं होतं, 'टेस्ट ड्रायव्हरच्या सख्ख्या मावसभावाने सांगितलंय.' कंडी दाजींनीच पिकवली होती. तरी त्यांना एकदम हायसं वाटलं.

"बघ, आता तर बाहेरूनही कळलं," त्यांनी बायकोला सांगितलं.

"कळू दे. पण मिशी काढलीत तर चहा गाळणार कशाने?" ताई म्हणाल्या. "आणि काय हो, आपली गाडी ऑटोमॅटिक आहे ना?"

"ती तुझ्यासाठी घेतली."

"मग रोज तुम्हीच का चालवता?"

दाजी दुकानात निघून गेले.

गंमत त्यांच्या अंगाशी येत चालली होती. शोरूममधे कुणीतरी काढलेला मिशीच्या पैजेचा व्हिडिओ ग्रुपभर फिरला. ग्रुपमधल्या सलूनवाल्याने नवा वस्तरा घेतला आणि त्याचा फोटो टाकला. लग्नाच्या फोटोतही दाजींची मिशी आधी दिसते आणि दाजी मागून. ती गेली तर काय, या विचाराने त्यांना झोप लागेना. रोज सकाळी ते मेहुण्याला फोन करून विचारत, "काही कळलं?" मेहुणा सांगे, "नाही."

इकडे कंपनीला मात्र फोनवर फोन जात होते. गिअरची कधी येणार, गिअरची का नाही, मावसभाऊ खोटं बोलतो काय. शेवटी कंपनीच घाबरली. गिअरच्याही थोड्या काढतो म्हणाली.

"दाजी, जिंकलात," मॅनेजरने फोन केला. "आपल्याकडे एक आलीय. लाल. या."

सगळा ग्रुप शोरूममधे लोटला. दाजी काळा चष्मा लावून आले. मिशीला आज दुप्पट पीळ होता. सलूनवाल्याने सगळ्यांसमोर त्यांना हात जोडले आणि वस्तरा खिशात घातला.

"मान तुमचा, दाजी. गाडी तुम्हीच बाहेर काढा," मॅनेजर म्हणाला आणि शेजारच्या सीटवर बसला. मग हळूच विचारलं, "येतं ना?"

"मी गिअरच्याच गाडीवर शिकलोय."

हे खरं होतं. फक्त ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच असतो. दाजी शिकत होते तेवढे दिवस तो मास्तरांनीच दाबला होता. दाजी नुसता हात हलवत, गिअर लोण्यासारखे पडत. ही आपल्या मनगटाची कमाल, असं दाजी तेव्हापासून धरून चालले होते. आज शेजारी मास्तर नव्हते, मेहुणा होता.

"क्लच दाबा. त्याशिवाय ही सुरू होत नाही."

दाजींनी दाबला. गाडी सुरू झाली. मोबाइल वर झाले. सगळ्यांना आवाज ऐकू यावा म्हणून दाजींनी दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून चांगला रेटला. मग दांडा ऐटीत ढकलला. तो कुठेतरी बसला.

"पहिलाच पडला ना?" मॅनेजरने विचारलं.

"म्हणजे काय!"

"एकदा बघून घ्या."

मुठीवर आकडे कोरलेले होते. काळ्या चष्म्यातून ते दिसेनात. दाजी वाकले. तरी दिसेनात. आणखी वाकले, मिशी मुठीला लागेपर्यंत. वाकता वाकता पाय क्लचवरून सुटला.

गिअर मागचा होता.

गाडी मागच्या मागे मॅनेजरच्या काचेच्या केबिनमधे शिरली आणि त्याची खुर्ची मोडून थांबली. ग्रुपने टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलाच भाग असेल असं त्यांना वाटलं. मॅनेजरला खरचटलंही नाही. दाजींचा वरचा ओठ तेवढा गिअरच्या मुठीवर आपटून फाटला.

ग्रुप दवाखान्यापर्यंत सोबत गेला. "काही असो, पैज जिंकलात," असं सगळे दाजींना सांगत होते. दाजी ओठावर रुमाल दाबून मान हलवत होते.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. टाके घालायच्या आधी मिशी काढावी लागणार होती आणि दवाखान्यातला वस्तरा सापडत नव्हता.

सलूनवाला उठून आत गेला.