रातीचं पाणी

केवळाबाईनं पिठाची परात बाजूला सारली.

"मी न्हाई मळत," ती म्हणाली.

अंगणात भावकी जमली होती. पालमहून आलेले गुरुजी सारखे घड्याळ बघत होते. तिची लेक दैवशाला पूर्वेच्या समुद्रात बोटीवरून पडली ती पडलीच, हाती काही लागलं नाही. मग जाळायचं काय? कणकेचा पुतळा करायचा, त्याला पोरीची ओढणी गुंडाळायची आणि अग्नी द्यायचा, असं भावकीनं ठरवलं. बाप उमाजी मेंढरं राखणारा माणूस, मुळातच बोलायला कमी. त्यानं नुसती मान हलवली. पण कणीक आईनं मळायची ही घरातली रीत, आणि आईच हटून बसलेली.

"केवळा, असं कसं भागंल," नणंद केशरबाई म्हणाली. "लेकराला वाट मिळू दे."

"तिला ठावं हाय वाट."

तेवढ्यात फाट्यावरून चालत राजेश्री आली. पूर्णा गावची पोरगी, दैवशालाच्या बरोबरीनं त्याच बोटीवर कामाला होती. तिला बघून बायांनी पुन्हा गळा काढला. केवळाबाई रडली नाही. बातमी आल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

राजेश्रीनं पिशवीतून एक बाटली काढली.

"मावशी, तिनं शेवटचं भरलेलं पाणी आहे हे. वाटलं, तुमच्यापाशी असावं."

केवळाबाईनं बाटली उन्हात धरली. तळाशी तांबूस गाळ होता. जरा हलवली तसा तो उठला आणि त्यातले जीव वेगवेगळे दिसायला लागले. काही तिळाएवढे, काही केसाच्या तुकड्यासारखे, एखादा नुसता काचेचा मणी. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे हे बारके प्राणी. कुठल्या पाण्यात कुठल्या जातीचे, कुठं दाट, कुठं विरळ, हेच दैवशाला शोधत होती. दिवाळीला आली की आईला भिंगातून दाखवायची. गाव हसायचं, मेंढरं सोडून पोरगी किडे मोजायला गेली म्हणायचं. केवळाबाई हसली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यातलं एक पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

"हे दिवसाचं पाणी का रातीचं?"

राजेश्री तिच्याकडे बघत राहिली. "रात्रीचं, मावशी."

"तरीच लय हायत. ती सांगायची मला. दिवसा खाली जाऊन बसत्यात, अंधार पडला की वर येत्यात, चरायला."

"हो. म्हणून तर रात्री जाळं ओढायला जायचो आम्ही. त्या रात्री पण तेच..."

"अन् तिला कवा हुडकलं?"

"उजाडल्याबरोबर. खूप बोटी होत्या, मावशी. रोज जात होतो. अंधार पडेपर्यंत."

"अंधार पडला की माघारी."

"हो."

केवळाबाईनं बाटली मांडीवर घेतली. "आमचं कोकरू चुकलं तर दिवसा हुडकून उपेग नसतो, बाई. दिवसा ते कुटंबी चरतंय, गप ऱ्हातंय. अंधार पडला की भ्यातंय अन् वरडतंय. ह्यांनी आजवर सगळी कोकरं रातीच आणली." तिनं बाटलीवरून हात फिरवला. "ह्या किड्यांसाठी तुमी राती गेलाव. माझ्या लेकीला दिवसा हुडकलं. कामून?"

राजेश्रीला सांगता आलं असतं. काळोखात काही दिसत नाही, प्रवाह माणसाला कुठल्या कुठं नेतो, बुडालेलं माणूस रात्र झाली म्हणून वर येत नाही. सगळं खरं होतं. पण ती तिथंच मातीत बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. केवळाबाईनंच तिच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुजी खाकरले. "माय, वेळ टळायलीय. दिवस बुडाल्यावर अग्नी देत नसतात."

"मग उद्या द्या." केवळाबाईनं परातीवर फडकं झाकलं. "सकाळी मळते मी, माझा शबूद हाय. आजची रात मला गंगंवर जाऊ द्या." गंगा म्हणजे गावाखालून वाहणारी गोदावरी. "आपलं पाणी तिकडच्याच समिंदराला जातंय म्हनायची ती. एकडाव अंधारात हाक मारून बघते. न्हाई आली तर जाळा."

भावकीत कुजबुज झाली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कुणीतरी म्हणालं. आता सगळे उमाजीकडे बघायला लागले.

उमाजी उठला. गुरुजींसमोर त्यानं हात जोडले. "उद्या या, महाराज," तो म्हणाला.

मग तो घरात गेला आणि कोनाड्यातली बॅटरी घेऊन अंगणात आला. त्यानं बटन दाबलं. उन्हात ती लागली की नाही कळेना. त्यानं काचेवर ओंजळ धरली आणि वाकून आत उजेड दिसतो का ते बघत राहिला.