जड जिभेची वकिली
माझ्या खुर्चीत दाढ काढून घ्यायला आलेला माणूस लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर होता आणि माझा जुना वर्गमित्र. भूल चढून ओठ लोंबला आणि नेमका त्याचा फोन वाजला. पलीकडे विमा कंपनीच्या डॉक्टरबाई होत्या. त्याच्याकडच्या एका तान्ह्या मुलीच्या ऑपरेशनला कंपनीने पूर्वमंजुरी नाकारली होती आणि त्याने दाद मागितली होती. "नंतर बोल ना," मी म्हणालो. "नंतर फाईल बंद होईल," असं पुटपुटत त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि गळ्यातल्या रुमालासकट ताठ बसला. "औषधांवर थांबता येणार नाही का?" बाईंनी विचारलं. "ना-ही." जीभ जड झाली होती, लाळ गळत होती, पण गडी एकेक अक्षर जुळवत राहिला. "पोरगी दूध पितानाही दमते. हृदयाची झडप गळतेय. थांबलो तर उरलीसुरली ताकद जाईल, मग ऑपरेशनही झेपणार नाही तिला." "डॉक्टर, तुम्ही बरे आहात ना?" "माझं सोडा. तिचं बोला." बाईंनी तपासणीचे आकडे विचारले, त्याने तोंडपाठ सांगितले. "मंजूर करते," त्या म्हणाल्या, "आणि आधी तुमचं तोंड कोणाला तरी दाखवा." त्याने लगेच मुलीच्या आईला फोन लावला, पण आता मात्र त्याला बोलवेना, डोळे भरून आले होते. फोन त्याने माझ्या हातात कोंबला. "ताई, लेकीचं ऑपरेशन मंजूर झालं," मी म्हणालो. ती माउली हुंदके देत रडू लागली. माझ्यामुळे रडणारे आजवर पुष्कळ पाहिले होते. आनंदाने रडणारी ही पहिलीच.