टाकीचा मालक

“म्हणजे मोठा असतो तोच मारतो, असं काही नाही?” आईने विचारलं.

“छे हो! आकारावर जाऊच नका.” माशांच्या दुकानदाराने कोपऱ्यातली टाकी दाखवली. “हा पट्टेवाला कॉन्व्हिक्ट. बोटाएवढा जीव, पण पिल्लं झाली की तिप्पट मोठ्या माशाला पळवून लावतो. ही एंजल तळहाताएवढी होते. दिसायला गरीब, पण जोडी जमली की कोपरा अडवून बसते. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा. काचेत स्वतःचं तोंड दिसलं तरी भांडतो.”

“आणि ऑस्कर?”

“फूटभर वाढतो. लाघवी मासा. माणूस ओळखतो, हातातून खातो. फक्त टाकी आपल्या बापाची समजतो.”

आई हसली नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलाने मात्र तिच्याकडे चोरून पाहिलं.

घरी ऑस्करच होता. ‘मालक’ म्हणायचे त्याला. त्याच्यासाठी आणलेला जोडीदार दुसऱ्याच दिवशी उलटा तरंगताना सापडला होता. पण चाळिशीला टेकलेल्या या मुलाला काळजी माशाची नव्हती. रविवारी त्याची दुसरी बायको घरी नांदायला येणार होती.

पहिली वर्षभरात निघून गेली होती. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. कारण काय, तर साखरेचा डबा. तो खालच्या फळीवरच राहायचा. त्या घरात प्रत्येक वस्तूची जागा आईने ठरवलेली, आणि जागेवरून हललेली वस्तू ती एक शब्द न बोलता परत जागेवर ठेवायची. रोज. “या घरात माझी म्हणून एकही फळी नाही,” असं म्हणून पहिलीने बॅग उचलली.

ही दुसरी त्याला मनापासून आवडली होती. हीसुद्धा गेली, तर पुन्हा घर मांडायचं बळ त्याच्यात उरलं नसतं. दुधाने तोंड पोळलं होतं, आता तो ताकही फुंकत होता.

“टाकीत जुना असताना नवा आणायचा झाला तर?” आईची नजर दुकानदारावरून हलत नव्हती.

“नुसता नेऊन सोडलात तर मेलाच समजा. जुन्याला दगडन्‌दगड पाठ असतो. त्याला आधी बाहेर काढायचं, वेगळ्या टबात. मग टाकीतले दगड, झाडं, सगळं हलवायचं. नव्याला आधी सोडायचं, चार दिवस जागा धरू द्यायची. मगच जुना परत. त्याला वाटतं, आपणच नव्याने आलोय. गुमान राहतो.”

“त्रास होतो जुन्याला?”

“होतो की. रंग उतरतो जरा. पण जगतो.”

“चल,” आई मुलाला म्हणाली, आणि एकही मासा न घेता बाहेर पडली.

शनिवारी सकाळपासून तिने घर डोक्यावर घेतलं. खिडकीजवळची तिची खुर्ची आतल्या खोलीत गेली. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला. मग स्वयंपाकघरातल्या फळ्या तिने रिकाम्या केल्या आणि सगळे डबे टेबलावर आणून आदळले.

नव्या सुनेला चमचासुद्धा सापडू नये, असा बेत दिसत होता.

“आई, ही तरी टिकू दे गं.”

आईचा हात क्षणभर थांबला. “तू मध्ये पडू नकोस. ते टोक धर टेबलाचं.”

रविवारी तो बायकोला घेऊन आला, तर घराला कुलूप. आपल्या किल्लीने दार उघडून त्याने फोन लावला.

“मावशीकडे आलेय,” आई म्हणाली.

“अगं, आजच? कधी येणार?”

“बघू.”

बायको रिकाम्या फळ्यांकडे बघत उभी होती. “मी आलेलं आवडलं नाही का त्यांना?”

तो तिची बॅग उचलून आतल्या खोलीत गेला.

रोज फोनवर तो विनवण्या करायचा. आई एकच विचारायची, “डबे लावले का तिने?”

“लावले.”

“कुठे लावायचे, ते तू सांगितलंस?”

“नाही.”

“सांगूही नकोस.” फोन बंद.

आल्यावर एकेक डबा खाली उतरवणार, हे त्याने ओळखलं. आईला तो काय आज ओळखत होता? रात्री त्याला झोप लागेना, आणि बायकोला कारण सांगता येईना.

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. आई नसणार, आईकडे किल्ली होती. बायकोने दार उघडलं.

दारात आई होती. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. सून “या ना” म्हणेपर्यंत ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

खिडकीशी आता सुनेची शिलाई मशीन होती. आईने ती पाहिली. “मी चहा टाकते,” म्हणत ती तडक स्वयंपाकघरात शिरली. मुलगा धावलाच तिच्या मागे. सूनही आली.

आईने आधण ठेवलं. हात सवयीने खालच्या फळीकडे गेला. तिथे कप मांडलेले होते. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तिच्या डोळ्यांसमोर.

आईने हात मागे घेतला आणि सुनेकडे वळली.

“साखर कुठे असते गं तुमच्याकडे?”